धोट्याला लावलेलं तोंड

कोंडीराम रणपिसेच्या अंगात एकच कला होती आणि तिला बाजारात काडीची किंमत नव्हती. हे दुसरं कुणी म्हणत नव्हतं, तोच म्हणायचा. डिलाईल रोडच्या चाळीत, गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून तो ही गोष्ट सांगायला बसला की पहिली शिवी स्वतःलाच हासडायचा. "आपल्यासारखा येडा बॅटरी घेऊन शोधलास तरी मिळायचा नाय," म्हणायचा, आणि मग सुरू व्हायचा.

कला अशी. गिरणीत कापड विणतात त्या यंत्राला गिरणगावात साचा म्हणतात आणि साचे असतात त्या खात्याला साळखातं. साच्यावर इकडून तिकडे पळतो तो धोटा, म्हणजे होडीसारखा लाकडाचा तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढतात. कसं काढतात? तोंडानं. भोकाला ओठ लावायचे, आत दम ओढायचा, की सूत जिभेवर. दर दोन-चार मिनिटांनी कांडी संपते, दर वेळी तोंड. कोंडीराम हे एका दमात करायचा. दुसरा दम घ्यावा लागला तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागायचं नाही.

आता मजा ऐका. असा हा एका दमाचा गडी साळखात्यात नव्हताच! तो होता रिंग खात्यात, सूत कातायला. साळखात्यात त्याच्या जातीच्या माणसाला पाऊल टाकायची सोय नव्हती. कारण धोटा एका साचेवाल्याच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाणार, आणि महाराच्या ओठाचा धोटा आपण कसा ओठाला लावायचा? सूत मात्र कोंडीरामाच्याच हातचं. ते दिवसभर बोटांतून जायचं, घाम लागायचा, कधी तुटलं तर थुंकी लावून सांधलं जायचं. तेच सूत वर साळखात्यात जाऊन शंभर तोंडांत ओढलं जायचं आणि कुणाचं काही बाटत नव्हतं. कोंडीराम म्हणायचा, "आपली थुंकी रोज वर जात होती. आपणच तेवढे खाली."

मग ही कला आली कुठून? बापाकडून. बाप सीताराम, साताऱ्याकडून पोटासाठी मुंबईत आलेला. एकोणतीस सालच्या मोठ्या संपात साचेवाले बाहेर पडले तेव्हा गिरणीनं खालच्या खात्यांतली माणसं वर नेऊन साच्यावर उभी केली. त्यांत सीताराम. एकोणीस दिवस त्यानं साचा चालवला. संप मिटला, साचेवाले परत आले, आणि पहिली अट अशी की ह्या लोकांनी तोंड लावलेले धोटे आम्हाला नकोत. ते टोपल्यांत भरून बॉयलरात घातले. सीताराम परत खाली, झाडू मारायला. पण जाताना त्यानं टोपलीतला एक धोटा सदऱ्याखाली लपवला आणि घरी आणला.

असं सीताराम सांगायचा. गिरणीच्या कुठल्या कागदावर ह्याचा ठिपका नव्हता. तेव्हाची माणसं गावी गेली, मेली. चाळीतली पोरंटोरं म्हातारा एकोणीस दिवसांवर आला की एकमेकांना डोळे मारायची. भंगारातून धोटा उचलला असेल आणि त्याच्यावर ही कहाणी चढवली असेल, असं लोकांचं म्हणणं. खुद्द कोंडीरामाला काय वाटायचं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पण बापानं शिकवलं ते शिकला. पहिली पाळी संपवून चारच्या सुमाराला घरी आला की चहा प्यायचा आणि खिडकीपाशी बसून धोटा ओढायचा. बाप खाटेवरून बघायचा.

"दम पोटातनं घे. गालातनं न्हाय. गालातनं घेतो तो पावा वाजवणारा."

एकदा शेजारच्या शेवंतीनं खिडकीतून बघितलं आणि कोंडीरामाच्या बायकोला, कौसल्येला, नळावर गाठून म्हणाली, "अगं, तुझा नवरा दिवसाढवळ्या लाकडाचे मुके घेतो!"

"घेऊ दे," कौसल्या म्हणाली. "लाकडाला पोरं होत नाहीत."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सगळं गिरणगाव रस्त्यावर. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी आरोळी लालबागला उठली की डिलाईल रोडला पोचेपर्यंत तिला शेपूट फुटायचं. कोंडीराम प्रत्येक मोर्चात असायचाच. घसा त्याचा मोठा; दम पोटातून घ्यायची सवय, तिचा तेवढाच काय तो फायदा. छप्पन सालात एका मोर्चात लाठी बसून त्याच्या कपाळाला खोक पडली. तेव्हा ज्या माणसानं आपला पंचा फाडून त्याचं डोकं बांधलं आणि पोलिसांच्या गाडीत त्याला मांडीवर घेतलं, तो दौलत परब.

दौलत मालवणचा, राहायला लालबागला, आणि साळखात्यातला सगळ्यात जुना साचेवाला. तोंडाचा असा तरबेज की गप्पा मारता मारता धोटा ओढायचा आणि वाक्य तुटायचं नाही. तीस वर्षं सुताची कुसं छातीत गेलेली, म्हणून खोकायचा, आणि खोकल्याचीही त्याला ऐट होती. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. कोंडीरामाच्या घरी येऊन चहासुद्धा प्यायचा, पायरीवर उभं राहून नव्हे, आत बसून. एकदा चहा पिता पिता कोंडीरामानं धोट्याचा विषय काढला. दौलतनं कप खाली ठेवला.

"धोट्याचा तेवढा बोलू नको, कोंडीराम. बाकी तू माझो भाऊस."

म्हणजे बघा. मुंबई मिळवायला दोघं एका गाडीत, आणि धोटा मिळवायला दोघं दोन मजल्यांवर. त्याच वर्षी कोंडीरामाच्या घरानं धर्म बदलला, भिंतीवरचे देव उतरले आणि बाबासाहेबांचा फोटो वर लागला. साळखात्याचा जिना मात्र होता तिथंच होता.

आणि मग अठ्ठावन्न सालाच्या सुरुवातीला गिरणीच्या फाटकातून मोठमोठे खोके आत आले. खोक्यांत नवे साचे. आपोआप चालणारे म्हणे. एक माणूस दोन साचे बघायचा, तो आता सोळा बघणार!

साळखात्याचे मास्तर, म्हणजे खात्याचे मुख्य, हेरंब दिघे. शिवाजी पार्कात राहायचे, बोलणं शुद्ध, सदरा परीटघडीचा, मनानं वाईट नव्हे. त्यांनी पाळी सुटताना सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि भाषण केलं. नव्या यंत्रांनी उत्पादन वाढतं, उत्पादन वाढलं की कापड स्वस्त होतं, स्वस्त कापड जास्त खपतं, त्यातून देशाची संपत्ती वाढते, नवे धंदे निघतात आणि सगळ्यांचंच कल्याण होतं. "जग पुढे चाललं आहे. आपण हातमागाच्या गोष्टी किती दिवस करणार?" कोंडीरामाला हे सगळं पटलं. त्याला भाषण कुठलंही पटायचं, हा त्याचा जुना रोग. पण त्यानं हात वर केला.

"साहेब, एकाला सोळा साचे म्हणजे आठ माणसांचं काम एकानं करायचं. बाकीच्या सातांचं कल्याण कधी होणार?"

"तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे," दिघे म्हणाले.

लोक हसले. संघटनेनं मोर्चे काढले, फाटकावर सभा घेतल्या, चार महिने ताणाताण झाली आणि शेवटी तडजोड. नव्या साच्यांसाठी परीक्षा होईल. कुठल्याही खात्यातल्या कुणालाही बसता येईल. पास होतील ते साच्यावर. साळखात्यातले जुने नापास झाले तर गिरणी त्यांना दुसऱ्या खात्यात घेईल, नाहीतर त्यांनी गावी जावं.

कुठल्याही खात्यातला. कुणालाही. कोंडीरामानं नोटिशीपुढे उभं राहून ती ओळ तीनदा वाचली. घरी येऊन बापाला सांगितली तेव्हा सीताराम खाटेवर उठून बसला. त्या सालात त्याची तब्येत पार ढासळली होती, तोंडात दात उरला नव्हता, उठायला दोन माणसं लागायची. पण उठला.

"माझ्या डोळ्यांदेखत साच्यावर चढ," म्हणाला. "मग मी मरायला मोकळा."

"बाबा, पण दौलतसारख्यांची जागा जाईल त्यात."

"माझी गेली तवा कोण बोललं हुतं?"

दोन दिवस कोंडीराम एकच विचार घोळवत राहिला. आपल्याला दार उघडतं कधी? आतले बाहेर निघाले की. बापाच्या वेळी संपानं काढले, आता यंत्र काढतंय. तरी त्यानं नाव दिलं. बापासाठी दिलं असं तो कौसल्येला म्हणाला. खरं म्हणजे त्याला स्वतःलाच तिथं जायचं होतं आणि जीव जाईपर्यंत जायचं होतं.

आता खरा शहाणपणा. नवा साचा आपोआप चालतो हे कोंडीरामानं हजारदा ऐकलं होतं. पण त्याच्या टाळक्यानं हिशोब केला तो असा: चालेल आपोआप; पण सूत ओवायला यंत्राला तोंड कुठंय? तोंड माणसाचंच लागणार. आणि तोंडाच्या कामात आपल्याला मागे टाकणारा अजून जन्माला यायचाय. म्हणून महिनाभर तो दुसरं काही शिकला नाही. दिघे मास्तर जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर नव्या साच्याची चित्रं काढून समजावायचे, तेव्हा हा पठ्ठ्या घरी पळत जाऊन धोटा ओढायचा. वर पंधरा दिवस विडी सोडली. कशासाठी? तोंड स्वच्छ पाहिजे. उद्या ह्या धोट्याला दुसरं तोंड लागणार. रणपिसेच्या तोंडाला वास होता असं कुणी म्हणायला नको. परीक्षेच्या सकाळी त्यानं कौसल्येची मिशरी घेतली, ती घरी तव्यावर तंबाखू भाजून बायका दातांना लावतात ती, आणि दोनदा दात घासले. चार चुळा भरल्या. पुन्हा एकदा घासले.

"परीक्षा दातांची आहे का?" कौसल्येनं विचारलं.

"तू गप बस," कोंडीराम म्हणाला. आणि आणखी एक चूळ भरली.

साळखात्याच्या जिन्यावर तो पहिल्यांदाच चढला. वरती एका बाजूला जुने साचे बंद करून ठेवलेले, दुसऱ्या बाजूला नवे, हिरव्या रंगाचे, तेलानं चकाकणारे. नव्या साच्यापुढे दिघे मास्तर आणि दोन परके इंजिनिअर. भिंतीशी पन्नासेक माणसं रांगेत. कोंडीरामाच्या मागेच दौलत परब. वयानं अठ्ठेचाळीस, पण केसांना तेल लावून, नवी टोपी घालून आला होता. दौलतनं नुसती पाठ थोपटली.

"जा. घाबरू नको."

दिघ्यांनी धोटा हातात दिला. "हं, कांडी बसवा आणि साचा सुरू करून दाखवा."

कोंडीरामानं कांडी बसवली. छाती फुगवली. सगळं खातं बघतंय ह्याची त्याला जाणीव होती, आणि इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो दम त्यानं थेट बेंबीपासून घेतला आणि धोटा ओठाला लावला.

"अहो, अहो! काय करताय?" दिघे ओरडले.

पण दम सुटला होता. नव्या धोट्याला भोक नव्हतंच, वरून उघडी चीर होती. साचा सुरू झाला की दोन फेऱ्यांत सूत आपलं आपण त्या चिरेत बसतं. महिनाभर फळ्यावर हेच तर शिकवत होते! कोंडीरामाच्या बेंबीच्या दमानं हातभर सूत सरळ घशात गेलं. तो खोकला, डोळे पांढरे झाले, आणि मग सगळ्यांसमोर त्यानं आपल्याच तोंडातून सूत ओढून ओढून बाहेर काढलं. जादूवाला रुमाल काढतो तसं. खात्यात असा हशा उठला की इंजिनिअरसुद्धा पोट धरून हसले. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? दौलत.

"याला तोंड लावायचं नसतं हो," दिघे डोळे पुसत म्हणाले. "तेच तर ह्याचं वैशिष्ट्य आहे! नुसता आत ठेवा आणि कळ दाबा."

कोंडीरामानं ठेवला, कळ दाबली, साचा धडधडत चालायला लागला. कुणी तोंड लावलं नाही, कुणाच्या थुंकीची गरज पडली नाही. तो बघत राहिला. सत्तावीस वर्षं, रोज चार वाजता, खिडकीपाशी. ज्या कामाला तोंड लागत होतं त्याला ह्याचं तोंड चालत नव्हतं. आता ह्याला बोलावलं, तर तोंडच नको. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, त्याला कळेना. त्यानं आपलं हसून घेतलं, आणि डोळ्यांतलं पाणी खोकल्यावर ढकललं.

दिघ्यांनी साचा थांबवला, धोटा काढला आणि पुढच्याच्या, म्हणजे दौलतच्या, हातात ठेवला.

दौलत अजून हसतच होता. "मेल्या, तुका काय भूक लागलेली?" असं कोंडीरामाकडे बघून म्हणता म्हणता त्याच्या हातांनी कांडी बसवली, आणि हात गेले ते सरळ तोंडाकडे. त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानं ठरवलंही नाही. तीस वर्षांचे हात, ते आपले चालले. धोटा ओठाला लागला, दम ओढला गेला, आणि सूत जिभेवर.

खात्यातला हशा तुटला. पन्नास माणसांना एकदमच उमगलं होतं की तो धोटा आत्ता कुणाच्या तोंडातून निघाला. कोंडीरामाच्या मनात एकच गोष्ट: हा आता थुंकणार. इतक्या माणसांसमोर थुंकणार. थुंकू दे रे, पण माझ्याकडे बघून थुंकू नको.

दौलतला उशिरा उमगलं. त्यानं धोटा तोंडातून काढला आणि हातात धरून बघितला. लाकूड ओलं होतं. त्यानं जीभ ओठांवरून फिरवली, टाळ्याला लावली, कपाळाला आठ्या घातल्या. मग कोंडीरामाकडे वळला.

"मिशरी लावतंस मेल्या?"

कोंडीरामानं मान डोलावली.

"बायलमाणसासारखी मिशरी? कोणी भाजली ही?"

"कौसल्येनं," कोंडीरामाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"माझ्या आवशीची अशीच असायची," दौलत आईच्या आठवणीनं म्हणाला आणि त्यानं आवंढा गिळला. गिळला! थुंकला नाही. मग पुन्हा हशा झाला. आता कोंडीरामाच्या मिशरीवर. पुढची दहा वर्षं त्या गिरणीत त्याला कुणी रणपिसे म्हणून हाक मारली नाही, मिशरीवाला म्हणूनच मारली, आणि त्याला त्याचा कधी राग आला नाही.

परीक्षा पुढे दोन तास चालली. कोंडीराम एकदा चुकला तो पुन्हा चुकला नाही. त्याच्याजवळ विसरायला साचेवाल्याची सवय नव्हती, नुसती हौस होती. दौलतनं मात्र आणखी तीनदा धोटा तोंडाकडे नेला. दर वेळी दिघे "अहो परब" म्हणायचे आणि दर वेळी तो ओशाळून हात खाली घ्यायचा. चौथ्यांदा दिघे काही बोलले नाहीत, नुसतं कागदावर लिहिलं.

संध्याकाळी सीताराम वाट बघतच होता.

"झालास पास?"

"झालो."

"किती दमात वढलंस?"

आता आली का पंचाईत! कोंडीरामानं सगळं सांगितलं: चीर, घशात गेलेलं सूत, खात्याचा हशा. "बाबा, ह्या साच्याला तोंडच लागत नाही."

"लागत न्हाय?" म्हातारा खवळला. "मग मी तुला काय पावा शिकीवला व्हय?" बराच वेळ त्यानं यंत्राला, यंत्र काढणाऱ्याला आणि दिघे मास्तरच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. दमला तेव्हा कोंडीरामानं दौलतचं सांगितलं. सीताराम खाटेवर सरळ झाला.

"थुकला?"

"नाही."

"चूळ भरली?"

"नाही. मिशरी कुणी भाजली विचारलं."

कौसल्येनं चहा आणला तो तसाच राहिला. "थुकला न्हाय म्हंजे काय उपकार केले?" म्हातारा शेवटी म्हणाला. "चुकून लावलं त्यानं तोंड. चुकून." कप उचलला, पुन्हा ठेवला. "कौसल्ये, मिशरी हाय का ताजी?"

"भाजते की."

"भाज. चांगली पुडी बांध. कोंड्या, त्याला दे. पण माझं नाव घेऊन दे. सीताराम रणपिसेनं धाडली म्हणावं, एकोणीस दिस साच्यावर हुता त्यो सीताराम. फाटकावर दे, चार माणसांत."

शनिवारी यादी लागली. तिच्यात रणपिसे होता, परब नव्हता. दौलतला वखारीत गाठोडी मोजायचं काम देऊ केलं होतं. तो नको म्हणाला. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट धरून गावी जाणार होता. दुपारी पाळी बदलताना शेवटची सही करून तो फाटकाबाहेर आला. हातात डबा आणि नवी टोपी. कोंडीराम पुडी घेऊन उभा होता.

"बापानं धाडलीय," तो म्हणाला, आणि मग सांगायचं होतं ते सगळं एका दमात सांगून टाकलं, चार माणसं थांबून ऐकू लागली तरी. "सीताराम रणपिसे. एकोणतीस सालच्या संपात एकोणीस दिवस साच्यावर होता. त्याच्या तोंडचे धोटे बॉयलरात घातले."

दौलतनं पुडी घेतली. पुडीकडे बघत म्हणाला, "माका म्हायत हा."

"काय?"

"म्हायत हा रे. काळो, उंच माणूस. डाव्या हाताचो. मी नवो होतंय तेव्हा. टोपल्यो नेल्यानी, मी उभो रवान बघत होतंय." तो खोकला. "बोललंय नाय काय."

कोंडीरामानं मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, अपमानाचं, माणुसकीचं, एका गाडीतून तुरुंगात गेल्याचं. त्यातलं एक अक्षर आठवेना. रागही आला, भयंकर आला. दोन वर्षं हा माणूस आपल्या घरात बसून चहा पीत होता! पण समोर टोपी हातात धरून उभा असलेला दौलत बघून राग धरवेना.

दौलतनं पुडी उघडली, बोट बुडवलं आणि फाटकासमोर, भर रस्त्यात दातांना मिशरी लावायला लागला. मग पुडी पुढे केली. "घे. तुझीच हा." कोंडीरामानंही बोट बुडवलं. दोघं बाप्ये बायकांसारखे मिशरी लावत उभे राहिले, आणि पाळीवरून सुटलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत गेल्या. मग दोघंही गटारात थुंकले. मिशरी लावली की थुंकावंच लागतं.

"तोंडाचा काम संपला," दौलत म्हणाला. "दात तरी सांभाळ." आणि गेला.

घरी आल्यावर सीतारामानं विचारलं, "नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाला?"

"त्याला माहीत होतं. तो तिथं होता, बाबा. तू डावखुरा होतास हेसुद्धा त्याच्या ध्यानात आहे."

खाटेखालच्या ट्रंकेतला जुना धोटा सीतारामानं मागून घेतला आणि डाव्या हातात धरून बसला. कोंडीराम त्याच्या पायाशी बसला होता, मान खाली घालून. एका माणसानं सोळा साचे चालवायचे, ते सोमवारपासून चालवायचे होते. पण त्याला वेगळंच काहीतरी टोचत होतं.

"तुला खरं वाटत नव्हतं," म्हातारा म्हणाला. "त्ये एकोणीस दिस."

कोंडीरामानं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण दम पोटातून काय, गालातूनसुद्धा येईना.

"ठाऊक हुतं मला," सीताराम म्हणाला. "तरी तू रोज वढत बसायचास. म्हणून बोललो न्हाय."